मागचा खांदा

तुम्ही कधी जिवंत माणसाला खांदा दिला आहे का? मेलेल्याला दिला असेल. त्याला सगळेच देतात. तिथे खांदे कमी पडत नाहीत, उलट पुढे यायला चढाओढ असते. मी विचारते आहे ते कण्हणाऱ्या, पाणी मागणाऱ्या, 'अजून किती राहिलं' असं विचारणाऱ्या माणसाबद्दल.

माझ्या आत्याच्या प्रत्येक पोलक्याला उजव्या खांद्यावर घोंगडीचं ठिगळ असायचं. पोलकं जुनं झालं म्हणून नव्हे. पोलादपूरच्या बाजारातून कापड आणून शिवून घेतलं, की अंगात घालण्याआधीच ती त्याला ठिगळ लावायची. फाटण्याआधी ठिगळ लावणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. "फाटणारच हाय गो," ती म्हणायची, "मग आदीच समजूत घातलेली बरी." त्या ठिगळाखाली खांद्यावर एक टेंगूळ होतं, आवळ्याएवढं आणि तितकंच कडक. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायचे. तिला काही कळायचं नाही. तिथलं दुखणं कधीच मरून गेलं होतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. गुरं, शेळ्या, नाचणीची शेती, आणि खाली उतरायला एक पायवाट. डांबरी रस्ता खालच्या गावापर्यंत येऊन थांबलेला. पुढचा पट्टा जंगलाचा, त्याला परवानगी लागते, आणि ती परवानगी माझ्या जन्माच्या आधीपासून येते आहे. वाडीत कुणी आजारी पडलं, बाई अडली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, की एका लांब दांड्याला घोंगडी बांधायची, तिच्या झोळीत माणूस घालायचं आणि खाली उतरायचं. ही डोली. वाट इतकी अरुंद की दोघांनाच दांड्याखाली जाता येतं, एक पुढे आणि एक मागे. उरलेले दोघं मोकळे चालतात आणि पाळीने खांदा घेतात. म्हणजे डोलीला चार माणसं लागतात. त्यातलं चौथं माणूस म्हणजे माझी आत्या.

मी वाढले महाडात. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि पाळी संपली की युनियनच्या कामाला लागायचे. आमच्या खोलीत खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'धिक्कार' हा शब्द मला 'धबधबा'च्या आधी लिहिता यायचा. सुट्टी लागली की मी वाडीवर. पत्रकांतला माणूस नेहमी मूठ वळलेला असायचा. वाडीवर मला दिसायची ती आत्या. तिची मूठ दांड्याभोवती वळलेली असायची आणि दुसऱ्या हाताने ती झोळीतल्या माणसावरची माशी वारायची.

आत्याचं सासर वाडीतच, आणि तिने पहिला खांदा दिला तो तिच्या जावेला, सेवंतीला. सेवंतीचं पहिलं बाळंतपण, दोन दिवस अडलेली. वाडीतले जवान पुरुष मुंबईला. आत्याचा नवराही मुंबईलाच, कुणाच्या तरी दुकानात, तो फक्त शिमग्याला चेहरा दाखवायचा आणि पुढे तेही बंद झालं. वाडीत दांड्याखाली जाऊ शकतील असे पुरुष तीनच. आत्या पुढे झाली तशी म्हाताऱ्या गावकराने हात आडवा घातला. गावकर म्हणजे वाडीचा मान ज्याच्या घरात तो.

"बाईच्या जातीनं खांदा द्यायचा नाय. रीत नाय ती."

"रीत मेलेल्याला खांदा द्यायची," आत्या म्हणाली. "ही जिती हाय. कवापर्यंत राहील ते तू बघत बस."

बाळ आणि बाळंतीण दोन्ही वाचली. त्या दिवसापासून रीत बदलली. बदलली म्हणजे काय, तर आत्याला मनाई करणारे लोक तिलाच हाक मारायला येऊ लागले. आमच्याकडे बाईची बंडखोरी मान्य करायची एक पद्धत आहे. बंडखोरीलाच तिचं रोजचं काम करून टाकायचं.

डोलीच्या दांड्याला पुढचा खांदा आणि मागचा खांदा असतो. उतारावर ओझं पुढच्यावर येतं, म्हणून पुढचा शूर समजला जातो. पण खरं सांगायचं तर मागचा खांदा कुणालाच नको असायचा. आजाऱ्याचं डोकं वरच्या अंगाला, मागे असतं, त्यामुळे मागच्याला सगळी वाट त्याचा चेहरा बघत उतरावं लागतं. पुढच्याला फक्त वाट दिसते. आत्याने मागचा खांदा घेतला आणि तो तिच्याकडेच राहिला. मग तिला नावच पडलं, 'मागचा खांदा'. "मागचा खांदा घरात हाय का?" असं विचारत लोक यायचे.

चेहऱ्याकडे बघत गप्प उतरणं तिला जमायचं नाही. ती आजाऱ्याशी बोलत राहायची, आणि ते बोलणं प्रेमाचं नसायचं. पोटदुखीने कळवळणाऱ्या रामाला ती म्हणायची, "ओरड, ओरड. लग्नात माझ्या पंगतीला तिसऱ्यांदा भात मागताना ओरडला होतास तसा ओरड." ताप आलेल्या म्हातारीला म्हणायची, "डोळे मिटू नको गो आये, तुझी सून तुझी पेटी उघडायला बसलीय." म्हातारी संतापून तळापर्यंत जागी राहायची. खाली जीपमध्ये घालताना आत्या तिचे पाय चेपून म्हणायची, "आता मीट डोळे. पेटीला मी कुलूप लावलंय."

डोलीची एक खूण आहे. दांड्याखालचा माणूस दमला तर तोंडाने 'दमलो' म्हणत नाही. झोळीतल्याला ते ऐकू जातं, आपण ओझं झालो असं वाटतं त्याला. दमलेला माणूस दांड्यावर तळव्याने थाप मारतो. थाप ऐकली की डोली थांबते आणि मोकळा माणूस काही न विचारता खांदा घेतो. कुणी मारली, का मारली, इतक्यात कशी मारली, असं विचारायचं नाही. मला ही रीत आमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा शहाणी वाटते. पण आत्याने कधी थाप मारली नाही. पुरुष मारायचे, आळीपाळीने बदलायचे. ती मात्र वरून जी दांड्याखाली शिरायची ती खालच्या डांबरीवरच बाहेर यायची. लोक कौतुकाने सांगायचे, मागच्या खांद्याला थाप माहीत नाय. ऐकताना मलाही अभिमान वाटायचा. त्या कौतुकाचाच फास होतो आहे, हे समजायला मला कॉलेजात जावं लागलं.

एका शिमग्याला देवीची पालखी वाडीवर यायची होती. वाहणारे कमी पडले. पालखी अर्ध्या वाटेवर खाली ठेवून सगळे माणसांची वाट बघत बसले. आत्या गेली आणि म्हणाली, मी घेते. गावकर म्हणाला, विटाळ होईल. ती हसली नाही, भांडलीही नाही. पालखीसमोर जाऊन हात जोडून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं देवीलाच विचारलं, "माणूस उचललेला चालतंय, तुला उचललेलं चालत नाय. मग आई, जड कोण गो, तू का माणूस?" गावकराने मान खाली घातली, पण पालखी काही दिली नाही. पालखी तशीच दुपारपर्यंत उन्हात बसून राहिली. आत्या मात्र एका अडलेल्या बाईला घेऊन त्याच वाटेने, त्याच पालखीच्या बाजूने खाली उतरली.

बाबा तिला दरवर्षी म्हणायचे, "ताई, महाडला ये. आमच्यात राहा. तिथं नवरा नाही, मूल नाही, कुणासाठी बसलीस?" ती दरवर्षी येते म्हणायची. एकदा तर बोचकं बांधून अंगणापर्यंत आलीही. तेवढ्यात हाक आली. बोचकं तिथेच ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा बोचकं शेळीने उसकटलं होतं. "बघ बाळू," ती बाबांना म्हणाली, "शेळीला पण कळतंय मी कुठं जात नाय ते." बाबा चिडले. "तू गेलीस तर वाडी मरणार नाही." ती म्हणाली, "मरंल ना. कोण ते सांग, मग मी निघते." माझा भाषणबाज बाप खाली बसून उसकटलेले कपडे गोळा करू लागला.

ती अडकली होती. पण ती का अडकली होती ते मला उशिरा कळलं. तिची दुखरी छाती डॉक्टरला दाखवायला बाबांनी तिला महाडला आणलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, बाबा पाळीवर गेलेले, आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. तिने मान वर न करता सांगायला सुरुवात केली.

सेवंती दुसऱ्यांदा डोलीत बसली ती पोट फुगून, भाद्रपदात. वाट निसरडी. पुढे वाडीतला म्हातबा, मागे आत्या. "तिचे डोळे माझ्याकडंच होते," आत्या म्हणाली. "ओहळाच्या वर एक वळण हाय बघ. तिथं ते होते तसेच राहिले." ती थांबली नाही. थांबली असती तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर रीत उभी राहिली असती. मेलेल्याला बाईने खांदा द्यायचा नाही. तिला दांडा सोडावा लागला असता. "तिला मी सोडणार नव्हते. आणि म्हातबाचे पाय लटलटत होते. पाठीवर मढं हाय कळलं असतं तर तो तिथंच बसला असता." मग ती सेवंतीशी बोलत राहिली. सेवंते, ओहळ आला गो. सेवंते, आंबा आला. पोराला जेवायला घातलंय गो, काळजी करू नको. पुढच्यांना वाटलं सेवंती हळू आवाजात उत्तर देते आहे. खाली डांबरीवर झोळी ठेवल्यावरच आत्याने सांगितलं.

"आणि मग परत वर कुणी नेलं?" मी विचारलं.

"खालच्या गावातून माणसं आली की. पंधरा-वीस. मला बाजूला केलं. मेलेल्याला खांदा द्यायला माणसं भेटतात गो."

तांदळातला खडा तिने अंगठ्याने बाजूला उडवला. "जित्याला देते म्हटलं होतं मी मोठ्या तोंडानं. अर्धी वाट मेलेलीला दिला. पाप लागलं का गो मला?"

मी ताडकन म्हणाले, "पाप तुला कसलं? ज्यांनी रस्ता अडवला त्यांना लाव." माझ्या आवाजात सगळी पत्रकं होती. तिने माझ्याकडे पाहिलं, जराशी हसली. "लागू दे. ते पण खांद्यावरच हाय. पण तवापासून मला थाप मारायची चोरी झाली. देवीला सांगते, बाकी काय नको, एक डाव थाप मारायची बुद्धी दे. हात उठतच नाय."

लोक देवाकडे शक्ती मागतात. माझी आत्या दमण्याची परवानगी मागत होती, आणि तीही तिला मिळत नव्हती.

पुढच्या वर्षी महाडच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फुलांचा मोठा हार. बाबांनी नको म्हटलं होतं. वाडीला मान मिळतोय म्हणून गावकरच हट्टाने घेऊन आला. प्रमुख पाहुणे सुरेख बोलले. मर्यादा शरीराला नसतात, मनाला असतात, म्हणाले. आत्याबाईंनी सगळ्या मर्यादा ओलांडल्या, म्हणाले. आम्हा सर्वांना हे जमलं पाहिजे, म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत बसून दात-ओठ खात होते. ती मर्यादा ओलांडत होती कारण डांबरी रस्ता जिथे थांबतो ती मर्यादा कुणी ओलांडत नव्हतं. हे त्या भाषणात कुठेच नव्हतं.

मग आत्याला बोलायला सांगितलं. ती माइकसमोर उभी राहिली. हाराच्या वजनाने पदर खांद्यावरून ओघळला होता आणि घोंगडीचं ठिगळ सगळ्यांना दिसत होतं. मग तिने उजवा हात उचलला, जेमतेम कमरेपर्यंत आला तो, आणि समोरच्या टेबलावर तळव्याने थाप मारली. पाण्याचा पेला हलला. सभागृहात गावकर होता, म्हातबा होता, बाबा होते, मी होते. आम्हाला कळलं. म्हातबा तर सवयीने खुर्चीतून अर्धा उठलादेखील.

"मी दमलेय," आत्या म्हणाली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, किती साधी बाई, किती विनम्र. टाळ्या थांबेनात. पाहुणे उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. इतक्या माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात आत्या कशी दिसत होती सांगू? मागचा खांदा सोडायला जागाच नसलेल्या वळणावरच्या माणसासारखी.

त्याच वर्षी गणपतीत मी वाडीवर होते. गावकराची म्हातारी बायको ओटीवरून पडली, मांडी मोडली. हाक आली. आत्या अंगणात आली, ठिगळाचं पोलकं घालून. दांडा जमिनीवर होता. ती वाकली, आणि उचलण्याआधीच तिने दांड्यावर थाप मारली. म्हातारी कण्हायची थांबली. थाप ऐकल्यावर विचारायचं नसतं. पण तिच्या जागी चौथा खांदा घ्यायला मोकळं माणूसच नव्हतं.

मी पुढे झाले. आत्या माझ्यावर ओरडली, तशी ती कधीच ओरडली नव्हती. "तू नाय! तुझ्यासाठी मारली काय गो मी थाप?" मी ऐकलं नाही. दांड्याखाली शिरले. मला वाटलं होतं, मी तिचा वारसा घेते आहे. पहिल्याच उतारावर हाडात हाड रुतलं आणि वारसा वगैरे सगळं विसरले. समोर म्हातारीचा चेहरा. ती माझ्याकडे बघून म्हणत होती, "पाडशील गो, पाडशील." ओहळही आला नव्हता. मी थाप मारली. मागून आत्या हसत म्हणाली, "मारलीस? बरं झालं. तू वाचलीस." तिला असं मोकळं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आंब्यापाशी पोचेपर्यंत बाकीच्यांच्याही थापा पडल्या. एरवी अशा वेळी आत्या दांडा घ्यायची. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आंब्याच्या मुळावर बसली. "बसा," म्हणाली. "आज हितंच बसायचं. म्हातबा, तू मोकळा खाली जा आणि गावात सांग, गावकराची म्हातारी अर्ध्यात हाय. उचलायला या."

"येतील का?" गावकराने विचारलं.

"नाय आले तर तुझी म्हातारी आणि मी हितं संसार करू."

ते आले. खालच्या गावातली सहा-सात पोरं, आणि त्यांच्या मागे धापा टाकत खुद्द सरपंच, गुळगुळीत चपला हातात घेऊन. तो त्या वाटेने पहिल्यांदाच चढला होता. गुडघे चिखलाने भरलेले. "रोज असं करता काय तुम्ही?" त्याने विचारलं.

"रोज."

"मग आम्हाला कधी बोलवलं नाय ते?"

"गरज नव्हती," आत्या म्हणाली. "मी होते ना."

एवढं एक वाक्य. मी इतकी पत्रकं वाचली, लिहिली, वाटली. त्यापेक्षा नेमकं मला काही सापडलेलं नाही. ती होती म्हणून ते नव्हते. ती दमत नव्हती म्हणून रस्ता थांबू शकत होता. ती बसली तेव्हा पहिल्यांदा कुणाचे तरी गुडघे चिखलात भरले.

रस्ता लगेच झाला असं मी लिहिणार नाही, कारण तो झाला नाही. खालचं गाव डोलीला माणसं देऊ लागलं, आणि मोजणी करणारे एकदा येऊन चुना मारून गेले. त्या चुन्यावर पुन्हा गवत उगवलं आहे. आत्या महाडला आलीच नाही. दोन वर्षांनी, वैशाखात, वाडीवरच गेली. दुपारी भाकरी खाऊन ओटीवर आडवी झाली ती उठली नाही. तिला कुणाला खाली न्यावं लागलं नाही. दहन वाडीतल्याच माळावर. मी मागच्या बाजूला खांदा दिला. गावकर शेजारी उभा होता. त्याने हात आडवा घातला नाही, आणि अर्ध्या वाटेवर, मी थाप मारायच्या आधीच, खांदा पुढे केला.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कारखान्यात असं एक माणूस नक्की आहे, ज्याच्याविषयी सगळे म्हणतात, त्याला दमणं माहीतच नाही. आज त्याच्याकडे जा. त्याची स्तुती करू नका. शाल तर अजिबात नेऊ नका. त्याने थाप मारायची वाट बघू नका, कारण त्याचा हात कदाचित उठत नसेल. त्याच्या शेजारी उभे राहा, विचारू नका, आणि खांदा घ्या. मग तुम्ही दमलात की मोठ्याने थाप मारा, जिथे रस्ता अडला आहे तिथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.